बाईंच्या चाळिसाव्याची सूचना

सूचना छापून झाली तेव्हा रीम्मा पाव्लोव्नाने ती खिडकीशी नेऊन वाचली. पाऊण पान ठसठशीत अक्षरांनी व्यापलं होतं: "हा मजकूर परकीय हस्तक शेस्ताकोवा रीम्मा पाव्लोव्ना यांनी तयार केला असून त्यांनीच तो प्रसारित केला आहे." आई होती खाली, बारीक अक्षरांत. "अग्निया सेर्गेयेव्ना, शाळा क्रमांक दोनच्या गणिताच्या बाई, यांचा चाळिसावा शनिवारी, तेवीस नोव्हेंबरला. सकाळी दहाला दफनभूमीत, दुपारी एक ते तीन घरी जेवण. बाईंची आठवण असणाऱ्या सर्वांनी यावं."

कायदाच तसा होता. परकीय हस्तक ठरलेल्याने काहीही लिहिलं तरी वर हा शिक्का हवा, आणि त्याची अक्षरं मजकुराच्या दुप्पट हवीत. आईचं नाव जरा मोठं करावं, तर वरचा शिक्का त्याच्या दुप्पट फुगायचा आणि पान पुरायचं नाही. तिने तीनदा करून पाहिलं आणि सोडून दिलं.

सव्वीस वर्षं रीम्माने उस्त-लुझ्मात 'लुझ्माकाठ' नावाचं चार पानी साप्ताहिक चालवलं. बातमीदार ती, संपादक ती, आणि थंडीत गाडी बंद पडली की गठ्ठे पाठीवर मारून टपालात नेणारीही तीच. तिचा एक हट्ट होता, बातमीत नाव हवं. गावाला ऊब पुरवणारा बॉयलर जानेवारीत फुटला, तेव्हा त्याचं कंत्राट कुणाच्या मेहुण्याला मिळालं होतं ते तिने नावानिशी छापलं. लोक तिला तोंडावर खवचट म्हणायचे आणि दर गुरुवारी अंक मात्र रांगेत उभं राहून घ्यायचे. मग लढाईवरून शवपेट्या यायला लागल्या. जिल्ह्याचं सरकारी वर्तमानपत्र बीटचं पीक किती आलं ते छापत होतं. रीम्माने शेवटच्या पानावर एक चौकट काढली आणि तिच्यात पोरांची नावं नि वयं छापायला सुरुवात केली. दुसरं काही नाही, फक्त नाव आणि वय.

चौथ्या चौकटीनंतर छापखान्याने कागद संपला म्हणून सांगितलं. तिने इंटरनेटवर अंक काढला, तोही बंद झाला. परदेशातल्या एका रेडिओवर ती सात मिनिटं बोलली. त्यानंतरच्या एका शुक्रवारी मॉस्कोहून परकीय हस्तकांची यादी निघाली आणि तिच्यात रीम्माचं नाव होतं. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं छापली, आता तिचं छापून आलं. तेव्हापासून ती हमरस्त्यावरच्या ट्रकवाल्यांच्या खाणावळीत भांडी घासत होती. जे कुठे छापता येणार नाही ते संध्याकाळी आईच्या कपाटातल्या चौकटीच्या वहीत लिहायची. त्या वहीत शिक्का नव्हता. ती कुणाला दाखवायचीच नव्हती, तेव्हा शिक्क्याचा प्रश्न कुठे येतो?

आई मात्र शेवटपर्यंत खमकी. वसंतात मतदान झालं तेव्हा अंथरुणाला खिळलेल्यांसाठीचं खोकं घेऊन दोन मास्तरणी घरी आल्या. दोघीही आईच्याच हाताखालून गेलेल्या. त्या चौथीत असताना जो माणूस सत्तेवर होता तोच अजून होता, आणि आता त्यांची पोरं चौथीत होती. आईने चिठ्ठी चष्म्याजवळ धरून दोन्ही बाजूंनी पाहिली.

"एकच उत्तर असलेलं गणित मी चौथीलाही कधी घातलं नाही गं," आई म्हणाली. "हे कोणी काढलं?"

"बाई, घडी घालून टाका ना लवकर," एक जण म्हणाली. "आम्हाला अजून अकरा घरं करायची आहेत."

पंधरा ऑक्टोबरला आई गेली. आदल्या दिवशी तिचं सगळं बोलणं तिच्या पोरांबद्दलच होतं. चाळिसाव्याला माझी पोरं येतील, धिरडी कमी पडू देऊ नकोस, असं तिने दोनदा बजावलं. चाळिसाव्या दिवशी जीव घर सोडून कायमचा निघतो आणि त्याला निरोप द्यायला माणसं लागतात. या जेवणाचं आमंत्रण कुणाला करत नाहीत. दिवस आणि वेळ कळली की ज्याला यायचं तो येतो.

वेळ कळवायची म्हणजे मजकूर आला, आणि मजकूर आला की शिक्का आला. दोन चुका तिच्या आधीच झाल्या होत्या. ऑगस्टमध्ये तिने गावाच्या इंटरनेटवरच्या गटात खारवलेल्या काकड्यांचा फोटो टाकला आणि खाली बडीशेपेचं प्रमाण लिहिलं. शिक्का विसरली, दंड झाला. दुसरी चूक आई गेली त्या सकाळची. "आई गेली. उद्या बाराला माती" एवढंच तिने लिहिलं होतं. कुणीतरी तक्रार केली. न्यायाधीशही बाईंचीच विद्यार्थिनी निघाली. तुमचं दुःख मी समजू शकते, ती म्हणाली, पण कलमात दुःखाची तरतूद नाही. तिसऱ्या चुकीला थेट खटला आणि दोन वर्षांपर्यंत तुरुंग.

बुधवारी रीम्माने चार ठिकाणी सूचना डकवल्या. इमारतीच्या दारावर, पावाच्या दुकानात, बसथांब्यावर आणि टपालात. पावाच्या दुकानातल्या बाईने पुठ्ठ्यावरचा कागद मान तिरकी करून वाचला.

"ह्यात मेलंय कोण, तेच कळत नाही," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून पुटपुटली, "मला सातवीत दोनदा नापास केलं होतं बाईंनी. तिसऱ्या वर्षी घरी बसवून शिकवलं. जा आता, माझ्या दुकानात जास्त वेळ थांबू नकोस."

गुरुवारी कामावरून परतताना रीम्मा इमारतीच्या दाराशी थांबली. कागदाचा वरचा भाग कात्रीने सरळ कापलेला होता आणि दारावर फक्त आईचं नाव उरलं होतं. तिने ते नखांनी खरवडून काढलं. एक तुकडा निघता निघेना, तो दातांनी ओढून काढला. तेवढ्यात तळमजल्याचं दार उघडून स्तेपानिदा काकू बाहेर आल्या. वय चौऱ्याऐंशी, एका कानाने बहिऱ्या.

"फाडलंस कशाला गं? मी मेहनतीने कापलं होतं."

"तुम्ही कापलं, काकू?"

"मग? मेलेल्या बाईच्या डोक्यावर असलं काही शोभतं का? बरं दिसत होतं आता."

"काकू, त्यावाचून मला पकडून नेतील."

"काय?"

"तुरुंगात टाकतील," रीम्मा त्यांच्या बऱ्या कानाशी म्हणाली.

"माझ्या बापाला नेलं तेव्हा निदान गुन्ह्याचे कागद तरी त्यांनीच लपवून आणून घरात ठेवले होते," काकू म्हणाल्या. "तुझाच कागद तुलाच डकवायला लावतात. डिंक आहे का घरात? आण, मी चिकटवते."

दोघींनी मिळून नवीन कागद लावला. काकूंनी तो तळहाताने नीट दाबला, शिक्क्यासकट. दारावरचा कॅमेरा वरून बघत होता.

शुक्रवारी रीम्माने खाणावळीतून सुट्टी घेतली आणि पहाटेपासून रांधलं. मनुका-मध घातलेला भात, कोबीचं सार, माशाची कचोरी, फळांचं आंबटगोड दाट पेय, किसेल. धिरडी तीन ताटं भरून. आईच्या चाळीस वर्षांच्या नोकरीचा हिशेब धरला तर निम्मं गाव तिच्या हाताखालून गेलं होतं. वरच्या मजल्यावरून दोन बाक आणि शाळेच्या शिपायाकडून खुर्च्या आणायचं तिने ठरवलं होतं. वरच्यांनी बाक दिले. शिपायाने दारच उघडलं नाही. शाळेत मुख्याध्यापिकेने सगळ्या शिक्षकांना शनिवारी साफसफाईला बोलावलंय, एवढं तो आतून बोलला.

शनिवारी सकाळी दहाला ती दफनभूमीत एकटीच होती. रात्री बर्फ पडून गेलं होतं. आईच्या लाकडी क्रॉसवर पांढरी टोपी बसली होती आणि कुंपणाच्या आत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. तिने हाताने बर्फ झाडलं, मेणबत्ती लावली, भाताचे चार घास ठेवले आणि अर्धा तास वाट पाहिली. थंडी आहे, लोक थेट जेवायलाच येतील, अशी तिने मनाची समजूत घातली.

एक वाजता तिने घराचं दार सताड उघडं ठेवलं. आईच्या फोटोपुढे तिच्या वाटणीचा पेला भरून त्यावर काळ्या पावाची चकती ठेवली होती. स्तेपानिदा काकू काळा रुमाल बांधून आल्या आणि टेबलाच्या टोकाला बसल्या. जिन्यात पावलं वाजली की रीम्मा उठून उभी राहायची. पावलं तिसऱ्या मजल्याशी मंद व्हायची, दारावरून पुढे जायची आणि वर कुठेतरी कुलूप वाजायचं. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी ती उठली नाही.

"धिरडी छान झालीत," काकू म्हणाल्या. "अग्नियाची जरा जाड व्हायची."

"काकू, आईने मला काय सांगितलं होतं माहीत आहे? धिरडी कमी पडू देऊ नकोस."

"नाही पडली," काकू म्हणाल्या आणि आणखी एक घेतलं. त्यांचं पोट केव्हाच भरलं होतं, ते रीम्माला दिसत होतं.

आता रीम्माला जे वाटत होतं ते दुःख नव्हतं, शरम होती. आईला ती स्वतः नडली होती. दुसरी कुठलीही मुलगी असती, पीठ विकणारी, केस कापणारी, तर आज या खोलीत उभं राहायला जागा नसती. गावातल्यांची नावं छापायचा शहाणपणा तिने केला आणि त्याचं उष्टं आईच्या ताटात पडलं. हे तिने काकूंना बोलून दाखवलं नाही. सव्वादोनला तिने एका ताटातली धिरडी स्वच्छ पंच्यात बांधली. लोक येत नाहीत तर आईलाच नेऊन द्यावीत, इथे तरी कोण खाणार होतं?

दफनभूमीच्या फाटकापासूनच बर्फ तुडवलेलं होतं. सकाळी तिची एकटीची पाऊलवाट होती, आता तिथे रस्ता झाला होता. ती भराभर चालू लागली. आईच्या कुंपणाच्या आत पाय ठेवायला जागा नव्हती. चॉकलेटं, बिस्किटं, सफरचंदं, उकडलेली अंडी, काचेच्या बरण्यांत तेवणाऱ्या मेणबत्त्या. लाल कार्नेशनची फुलं बर्फात खोवलेली. क्रॉसला टेकवून कुणीतरी लाकडी कर्कटक ठेवला होता, फळ्यावर वर्तुळं काढायचा, शाळेचा. आणि क्रॉसशी एक बाई पाठमोरी उभी होती.

"झोया," रीम्मा म्हणाली.

झोया दचकून वळली. 'लुझ्माकाठ'ची मुद्रितं ती अठरा वर्षं तपासत होती, आता सरकारी वर्तमानपत्रात होती.

"तू घरी असायला हवीस," झोया म्हणाली. "तीनपर्यंत."

"काय?"

"तूच लिहिलं होतंस ना. दहाला इथे, एक ते तीन घरी. म्हणून सगळे..." तिने बोलणं अर्धवट सोडलं. "तुमच्या दारावर कॅमेरा आहे, रीम्मा. इथे नाही."

म्हणजे सूचना सगळ्यांनी वाचली होती. अगदी नीट, वेळेसकट वाचली होती. ती उघडं दार धरून बसली होती तेवढ्या वेळात गाव एकेक करून आईकडे येऊन गेलं होतं, ती इथे नसेल याची खात्री करून.

"कोण कोण आलं होतं?" रीम्माने विचारलं.

"नावं नको विचारूस."

"छापणार नाहीये मी. मला फक्त माहीत असावं."

"तुला माहीत असेल तर तुला विचारतील," झोया म्हणाली. "माझा लेक अजून लढाईवर आहे. मला माफ कर."

"घरी चल. सार गरम आहे. पाच मिनिटं बस."

झोयाने मान हलवली. रीम्माने पंच्यातलं एक धिरडं काढून पुढे केलं. झोयाने मागे वळून फाटकाकडे पाहिलं, मग ते घेतलं आणि उभ्या उभ्या, दोन घासांत, तोंडावर हात धरून खाल्लं. रडत होती की चावत होती, ते कळत नव्हतं. टोपी पुढे ओढून ती निघून गेली आणि फाटकाशी पोचेपर्यंत तिने मागे पाहिलं नाही.

रीम्मा फुलं मोजत बसली. बेचाळीस भरली. मेलेल्याला फुलं दोन-दोनच देतात, म्हणजे एकवीस माणसं. शिवाय ज्यांनी फुलं आणली नाहीत ती वेगळी. आईची पोरं आली होती. आईला निरोप मिळाला होता, हे खरंच होतं, आणि त्याचा आनंद व्हायला हवा होता. तिने उरलेली धिरडी क्रॉसपाशी ठेवली आणि अंधार पडायच्या आत घरी परतली. दार उघडंच होतं. स्तेपानिदा काकू भांडी विसळत होत्या.

"आलं का कुणी?" रीम्माने सवयीने विचारलं.

"काय?" काकू म्हणाल्या.

ती टेबलाशी बसली, रिकाम्या बाकांच्या मध्ये, आणि चौकटीची वही उघडली. आजचा दिवस लिहून ठेवायला हवा होता, नावं नसली तरी. तिने सावकाश, न थांबता लिहिलं आणि वाचून बघायला म्हणून वही दिव्याखाली धरली. पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत एक ओळ होती: "आज आईकडे एकवीस माणसं आली." वर पाऊण पानभर, दुप्पट मोठ्या अक्षरांत, तिच्या हाताने आधी शिक्का लिहिला होता.

चाळीस दिवसांत ती रडली नव्हती. काकूंनी नळ बंद केला आणि ओल्या हातांनी तिचं डोकं पोटाशी धरलं.