मॅडमच्या मापाची सायकल

कोणाचीही नवी सायकल दिसली की मॅडम मालकाशी बोलायच्या आधी सीटच्या टोकाला कोपर टेकवायच्या, हात पुढे लांब करायच्या आणि बोटं हँडलपर्यंत पोचतात का ते पाहायच्या. नाही पोचली की मालकाकडे वर बघून म्हणायच्या, "चांगली आहे जी. पण माझ्यासाठी नाही." ती तुम्ही घ्या, असं त्यांना कोणी म्हटलेलंच नसायचं.

आमच्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका होत्या आणि मी मराठीचा. उंची इतकी कमी की प्रार्थनेच्या वेळी नववीच्या मुलींत उभ्या राहिल्या तर सापडायच्या नाहीत. आवाज मात्र मैदानाच्या पार टोकाला जायचा. भंडाऱ्यात आमचा रविवारचा एक सायकल ग्रुप आहे. अशा ग्रुपात कोण असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. शुगर निघालेले व्यापारी, पोट सुटलेले साहेब आणि माझ्यासारखे बायकोनं हाकललेले. पहाटे निघायचं, अड्याळला आलूबोंडा खायचा, भारी सायकलींना टेकून फोटो काढायचे आणि परत यायचं. खरोखर सायकल चालवणाऱ्या त्यात एकट्या मॅडम.

त्यांची ती वाकड्या हँडलची जुनी रेसर. कॉलेजात त्या शर्यतींत उतरायच्या, तेव्हा नागपूरच्या एका कारागिरानं त्यांना भिंतीशी उभं करून, हातपाय मोजून, नळ्या कापून ती जोडून दिली होती. ब्लाऊज शिवून घ्यावा तशी सायकल बेतून घेतलेली. रंग उडाला होता, गिअर बदलायचे खटके खालच्या दांडीवर होते. पण मॅडम तिच्यावर बसल्या की बुटक्या वाटायच्या नाहीत.

मग त्यांचा गुडघा कुरकुरायला लागला. जुन्या गिअरवर चढ चढताना फार जोर लागायचा. वैनगंगेच्या पुलावर चढताना त्यांचा चेहरा आवळलेला दिसायचा. उतरून मात्र कधी ढकलली नाही.

गुडघ्याची त्यांना घाई होती, ती बपेऱ्यासाठी. बपेरा त्यांचं माहेर, तुमसरच्याही पुढे, पार मध्य प्रदेशच्या हद्दीजवळ. सायकल शिकल्या त्या तिथेच. लग्नानंतर मात्र माहेरी गेल्या त्या कोणाच्या तरी मागे बसून, नाहीतर एसटीनं. मला एकदा म्हणाल्या, "सर, एक डाव आपल्या पायानं माहेरी जाईन मी. रिटायर झाल्यावर पहिल्याच रविवारी. गुडघा हाये तोवर."

म्हणून प्रश्न पडला, जुनीच सुधारावी की नवी घ्यावी. ग्रुपाला तर विषयच मिळाला. आमचे अध्यक्ष पितळेच्या भांड्यांचे जुने व्यापारी. आता अर्ध्या दुकानात सायकली ठेवतात. ते दर रविवारी सुरू व्हायचे.

"मॅडम, काहून जिद करून राहिल्या? नवी घेऊन टाका ना. एका बोटानं उचलते."

"मले उचलायची नाही भाऊ, चालवायची आहे."

"तुमचा जीव अटकला आहे तिच्यात."

"जीव नाही जी. माप आहे."

हे वाक्य त्या अनेकदा बोलल्या आणि ते कोणाच्याही कानात शिरलं नाही. बाईमाणूस जुन्या वस्तूला धरून बसली म्हणजे ते प्रेमच असणार, असं आमच्या ग्रुपानं ठरवूनच टाकलं होतं.

मॅडमनी मात्र विचार नीट केला. नागपूरला जाऊन दुकानं पालथी घातली. सगळ्यात लहान म्हणून दाखवलेली सायकलही त्यांना वीतभर लांब पडली. बायकांची म्हणून जी दाखवली तिला पुढे टोपली होती. "भाजी आणायले जाऊ का बपेऱ्याले?" असं तिथे विचारून आल्या. दुसऱ्या बाजूनं जुनीची भीती होती. जास्त गिअरचं नवं चाक बसवायचं तर मागचं चाक धरणारा चिमटा थोडा फाकवावा लागणार आणि इतक्या वर्षांचं लोखंड, तडकलं तर संपलं. शेवटी निर्णय झाला तो जुनीचाच. चाक तेच ठेवून पुढचं दातेरी चक्र लहान, मागचं मोठं, म्हणजे चढ हलका. सामान त्यांनी स्वतः आणलं आणि सायकल अध्यक्षांच्या दुकानात सोडली. अध्यक्ष म्हणाले, "रिटायरमेंटपर्यंत अशी करून देतो का पाहतच राहाल."

निवृत्तीच्या दिवशी सकाळी ग्रुपानं त्यांचा सत्कार ठेवला, चौकातल्या मोकळ्या कोपऱ्यात. मला आधी कोणी काही सांगितलं नव्हतं. मी मॅडमना सांगून टाकीन, अशी ग्रुपाला खात्री होती आणि ती खरी होती. शाल झाली, श्रीफळ झालं. मग अध्यक्षांनी एका चौथऱ्यावरचं कापड ओढलं.

खाली मॅडमची सायकल होती. पितळेच्या रंगात रंगवलेली, अगदी चेनसकट. दोन्ही चाकं अर्धी सिमेंटात पुरलेली. मागे पाटी, 'नारीशक्तीला सलाम'. टाळ्यांचा कडकडाट झाला. लगेच दुसऱ्या बाजूनं नवीकोरी सायकल ढकलत आणली आणि मॅडमच्या गळ्यात मारली. अध्यक्षांच्याच दुकानातली ती, अध्यक्षांच्याच उंचीच्या माणसाच्या मापाची.

मॅडमनी सीटला कोपर टेकवलं, हात लांब केला. बोटं हँडलच्या पुष्कळ अलीकडे राहिली. अध्यक्ष माईकवर ओरडले, "पाहा, आत्तापासूनच कशी माया करून राहिल्या!" पुन्हा टाळ्या.

मॅडम चौथऱ्यापाशी गेल्या, वाकल्या आणि सिमेंटवर अंगठा दाबून पाहिला. मग अध्यक्षांना हळूच विचारलं, "भाऊ, हे कालचंच आहे ना? वल्लं असन अजून. आत्ता काढलं त निघन."

अध्यक्ष खो खो हसले. "मॅडम, मजाक करता काय? आता ते गावाची शान झाली."

"शेटजी, त्या मजाक करत नाहीत," मी म्हटलं.

"सर, तुम्ही मराठीवाले. लगेच डोळे भरून येते तुमचे."

डोळे भरले नव्हते, डोकं फिरलं होतं. मी बाजूच्या बांधकामावरची पहार आणायला निघालो, तर मॅडमनीच माझी बाही धरली. "राहू द्या सर. एवढ्या प्रेमानं केलं त्यायनं." आणि माईक हातात घेऊन त्या सगळ्यांचे आभार मानायला लागल्या. मैदानाच्या टोकाला जाणारा तो आवाज त्या दिवशी पहिल्या रांगेलाही नीट ऐकू आला नाही.

लहान चक्र, मोठं चक्र, सगळं सामान न उघडता पिशवीत घालून अध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी घरपोच केलं. ते त्यातही प्रामाणिकच. नव्या सायकलवर मॅडम एकदा पुलापर्यंत गेल्या. हात ताणून ताणून खांदे भरून आले आणि गुडघा जो धरला तो सुटलाच नाही. ती सायकल त्यांनी कोणा भाच्याला देऊन टाकली. ग्रुपाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून त्या बाहेर पडल्या तेव्हा खाली सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. का गेल्या, हे एकानंही विचारलं नाही.

मीही रविवारी जाणं बंद केलं आहे. वाईट माणसांवर चिडता तरी येतं हो. या लोकांनी वर्गणी काढून, फुगे लावून, मनापासून एका बाईचे पाय काढून घेतले आणि त्याचा फोटो अजून त्यांच्या भिंतींवर आहे.

यंदा महिला दिनाला ग्रुपानं त्या सोनेरी सायकलला झेंडूचा मोठा हार घातला, खाली उदबत्त्या लावल्या. मी ऑटोनं चौकातून चाललो होतो. ऑटोवाल्यानं वेग कमी केला, सायकलकडे पाहून हात जोडले आणि मला विचारलं, "सर, ह्या मॅडम कधी वारल्या जी?"

"वारल्या नाहीत," मी म्हटलं. "बपेऱ्याला गेल्या. एसटीनं."