हॉकीचा सामना चालू असताना

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळली आहेत. कुठल्या गुन्ह्यात कोण आरोपी होता, तेही नीट आठवत नाही. तुमसर तालुक्यातलं हे एक प्रकरण मात्र अगदी आवाजांसकट लक्षात राहिलं आहे.

भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा होऊन बरीच वर्षं झाली होती. मी आंबागडच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. धानाची मळणी जोरात चालली होती. त्याच दिवसांत आपल्या देशात पुरुष हॉकीची जागतिक स्पर्धा भरली होती. एरवी आमच्या हद्दीत हॉकीचं नाव कोणी काढत नसे, पण डोंगराजवळच्या एका गावाची गोष्ट वेगळी होती. तिथला एक वनमजूर तरुणपणी जिल्ह्याच्या संघातून खेळलेला. त्याने आपल्या मुलीला शाळेच्या मैदानावर हॉकी शिकवली आणि ती राज्याच्या निवड चाचणीपर्यंत पोचली. त्यामुळे अख्खं गाव ग्रामपंचायतीच्या सभागृहात बसून सामने बघायचं.

भारताचा सामना होता त्या संध्याकाळी ठाण्यात फोन आला. गावातला पानठेलेवाला बोलत होता.

"साहेब, मळणी मशीनवाला रस्त्यावर पडून हाये. डोकं फुटलं त्याचं. लवकर या."

त्याच्या बोलण्यामागून टीव्हीचा आवाज आणि लोकांचा गलका ऐकू येत होता. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि आम्ही निघालो. पोचलो तोवर सामना संपून लोक रस्त्यावर आले होते. जखमी बेशुद्ध होता. त्याला ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. रक्ताचे डाग बघत मागे गेलो तर ते थेट त्या वनमजुराच्या अंगणात पोचत होते. तो दारातच उभा होता. हातात हॉकी स्टिक.

"म्याच मारलं जी त्याले. चला, घेऊन चला मले."

कारण विचारलं. मळणीच्या पाळीवरून भांडण झालं, म्हणाला. सामना अर्धा सोडून घरी आलो, तो अंगणात भेटला, शब्दाने शब्द वाढला. पंचनामा झाला, स्टिक मुद्देमालात जमा झाली. सभागृहात चौकशी केली तर सामन्याच्या वेळी तिथे अंधार होता, सगळ्यांचे डोळे टीव्हीवर. कोण कधी उठलं हे कोणालाच सांगता येईना.

मला एक गोष्ट खटकत होती. माणूस गुन्हा कबूल करतो तेव्हा आधी स्वतःची बाजू मांडतो. त्याने मला असं केलं, तसं केलं, मग माझा तोल गेला, असं सांगतो. हा गृहस्थ स्वतःच्या बाजूने एक शब्द बोलत नव्हता.

सकाळी त्याला समोर बसवलं, चहा मागवला. कागद बाजूला ठेवले.

"काय हो भाऊ, कालचा सामना कसा झाला? मला बघताच आला नाही."

त्याचा चेहरा एकदम बदलला.

"काय सांगू साहेब! जिंकलेली मॅच होती. शेवटच्या मिनिटाइत आपले पोट्टे पुढंच राहिले, मागं आलेच नाही. मधात एवढी जागा मोकळी! मी ओरडून राहिलो होतो, अरे मागं या, मागं या. अन् त्याइनं बरोबरी करून टाकली ना. गोल झाला अन् मी डोक्याले हात लावून..."

बोलता बोलता तो थांबला. कप खाली ठेवला. पानठेलेवाल्याचा फोन आला तेव्हा सामना चालूच होता, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. शेवटचा गोल होईपर्यंत सभागृहात बसलेला माणूस त्याआधी घरी येऊन कोणाचं डोकं फोडू शकत नव्हता.

"मुलगी घरी होती?" मी विचारलं.

तो रडू लागला. मोठा आवाज नाही, नुसतं पाणी वाहत होतं.

"मी जेलात गेलो तर चालते जी. ती मैदानात गेली पायजे. चाचणी तोंडावर आली तिची. तिचं नाव यात घेऊ नका, पाया पडतो."

मी त्याला समजावलं. तिने स्वतःला वाचवण्यासाठी मारलं असेल तर तो गुन्हा होत नाही, कायदा तुमच्या मुलीच्या बाजूचा आहे.

"अन् लोकं?" त्याने विचारलं. "लोकं कोनाच्या बाजूचे हायेत?"

मी महिला शिपायाला त्याच्या घरी पाठवलं.

तिने मुलीचा जबाब घेतला. मुलगी शांतपणे बोलली. गाव सामना बघत होतं, ती चाचणीला न्यायची बॅग भरत होती. मशीनवाला पाणी मागायला आला आणि त्याने तिच्यावर हात टाकला. तिने ओरडून पाहिलं, पण सभागृहातल्या गलक्यात तिचं कोणाला ऐकू गेलं नाही. मग कोपऱ्यातली स्टिक उचलली.

"बाबाले सोडा साहेब. त्यानं काहीच नाही केलं. मले वाचवाले खोटं बोलून राहिला."

पुढचं सगळं रीतसर झालं. बाप सुटला. मशीनवाला शुद्धीवर आला, त्याच्यावर गुन्हा दाखल झाला आणि त्याला शिक्षाही झाली. मुलीवर दोषारोप ठेवावा असं काही नव्हतं. वरिष्ठांनी तपासाचं कौतुक केलं.

पण न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर तिच्या जबाबाची तारीख लागली ती नेमकी चाचणीच्या दिवशी. मी न्यायालयात विनंती केली, पण तारीख बदलली नाही. निवड करणाऱ्यांना फोन केला. त्यांनी पुढच्या वर्षी पाठवा म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षापर्यंत गावाने आपलं काम केलं होतं. कोणी उघड काही बोललं नाही. मात्र शाळेने मैदान संध्याकाळी बंद ठेवायला सुरुवात केली, सोबतच्या मुलींना त्यांच्या आयांनी घरी बसवलं, आणि घरात तिची आजी रोज विचारू लागली, आता कायले खेळते?

त्यानंतर कुठलाही तपास हाती आला की मी पीडित माणसाला त्याचं पुढच्या महिन्यात काय ठरलं आहे, ते आधी विचारत असे. कलमांमध्ये त्याला कुठे जागा नाही, तरी विचारत असे.

निवृत्तीच्या आधी मोहाडीच्या आठवडी बाजारात ती दिसली. कडेवर मूल होतं. तिनेच मला ओळखलं. सासर तिथलंच, म्हणाली. बाबा बरा आहे.

न राहवून विचारलं, "खेळतेस का गं कधी?"

"नाही जी." ती हसली. "कधी कधी वाटते, बाबाचं ऐकून चूप राहिली असती तर चाचणीले गेली असती. पन बाबा जेलात असताना माह्या हातून स्टिक तरी धरली गेली असती का?" मुलाला तिने दुसऱ्या कडेवर घेतलं. "तुमी बरोबरच केलं साहेब. मनाले लावून घेऊ नका."

नोकरीत लोकांनी दिलेले शिव्याशाप मी केव्हाच विसरलो. तिचं हे बोलणं विसरता येत नाही.