अरुणभाऊजींचा बुधवार

बातमी घेऊन कुणी आलं नाही. चहा घेऊन मीच वरच्या कमऱ्यात गेले, आणि बातमी तिथं खुर्चीत बसलेली होती... चष्मा कपाळावर चढवलेला, एक हात मांडीवर, मान जराशी कलती. दुपारची डुलकी लागली की भाऊजींची मान अशीच व्हायची, म्हणून "निवेल हं चहा," असं मी म्हटलंसुद्धा. मग त्यांच्यापुढच्या पडद्याकडे माझी नजर गेली. तिथं एक चौकोन उघडा होता. फॉरमॅट पूर्ण होऊ शकलं नाही, असं त्यात लिहिलेलं होतं, आणि खाली 'ओके'चं बटण. मी कप ठेवला आणि त्यांच्या हाताला हात लावला. तेव्हा कळलं.

अरुणभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन पाटणकर बाजारामागच्या ह्या घरात आले तेव्हा ते कॉलेजात होते आणि नव्या वहिनीला हसवायचं, एवढा एकच विषय मन लावून शिकत होते. लग्न केलं नाही. का, ते विचारलं की म्हणायचे, "तुमच्या हातच्या आमटीशी तुलना होऊन त्या बिचारीचे हाल झाले असते." नोकरी टेलिफोनची, राहणं वर, जेवण खाली. निवृत्त झाल्यावर त्यांच्या वयाची मंडळी फूलबागेत फिरायला जायची आणि बाकावर बसून देश चालवायची. हे मात्र एक जुना कंप्यूटर घेऊन बसले. नातेवाइकांकडच्या कॅसेटी, सीड्या, लग्नाच्या टेपा, गणपतीतल्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंगं, सगळं गोळा करून त्यात ओतायचं त्यांनी मनावर घेतलं. आमचे हे तबला वाजवायचे. पेशा नव्हे, हौस. पण लष्करात, म्हणजे शहराच्या आमच्या भागात, कुणाही मराठी घरात गाणं असलं की साथीला ह्यांनाच बोलावणं. त्या सगळ्या बैठका भाऊजींनी जमवल्या. वर एक डबा, त्याला डिस्का जोडलेल्या, आणि खाली आमच्या खोलीतल्या टीव्हीवर हवं ते गाणं. त्याला मीडिया सर्व्हर म्हणतात, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. "वहिनी, समजा, वर टाकी आहे आणि खाली नळ. नळ फिरवला की गाणं येतं. फार काही नाही त्यात."

फार काही नाही म्हणायचे, आणि दिवस दिवस त्यात डोकं घालायचे. मी भाजी निवडायला वरच जाऊन बसायची. मेथीची जुडी माझ्या मांडीवर आणि डिस्क त्यांच्या. त्यांना बोलल्याशिवाय काम सुचत नसे, मला ऐकल्याशिवाय निवडणं. डिस्क फॉरमॅट होता होता मध्येच थांबली की त्यांचा एक क्रम ठरलेला होता. "आधी तार बदलायची. मग तार खुपसायचं भोक बदलायचं. मग वीज पुरी मिळते का बघायचं. डिस्कला दोष द्यायचा तो सगळ्यात शेवटी. ती बिचारी सून आहे, तिला आधीच सगळे नावं ठेवतात." मी म्हणायची, "हे तुमच्या आईंना सांगायचं होतं, मी नवी होते तेव्हा." मग आम्ही दोघं इतके हसायचो, की खालून हे विचारायचे, काय झालं रे?

एकदा मात्र हसण्यासारखं झालं नाही. यादीत दोन डिस्का एकसारख्या नावाच्या दिसल्या, भाऊजींनी रिकामी समजून भरलेली पुसली, आणि कुसुमवन्संच्या मुलीचं अख्खं लग्न गेलं. कुसुमवन्सं म्हणजे माझी नणंद, उज्जैनला असते. भाऊजींनी स्वतःच फोन करून तिला ते सांगितलं. त्यानंतर खंडेनवमी आली. आमचं घराणं मूळचं शिपायांचं. दख्खनेतून इकडे येताना आणलेली एक तलवार अजून आहे, ती आम्ही खंडेनवमीला पुजतो, आणि तिच्याशेजारी घरातलं ज्याचं त्याचं हत्यार. ह्यांचा हातोडा, माझी विळी, भाऊजींचा स्क्रू पिळायचा पेचकस. त्या वर्षी भाऊजींनी भरलेल्या डिस्कासुद्धा पाटावर मांडल्या. मी हळदकुंकू वाहिलं, आणि मला सुचलं ते बोलून गेले, की भाऊजी, हे कुंकू पुसूच नका, म्हणजे चुकणार नाही. त्यांना ते एवढं पटलं! तेव्हापासून घरात नियमच झाला. कुंकू असलेली डिस्क भरलेली, तिला हात लावायचा नाही. बिनकुंकवाची रिकामी. "ही सवाष्ण, हिची ओटी भरलेली आहे," असं म्हणून ते डिस्क उचलून ठेवायचे.

मग ह्यांचं विसरणं सुरू झालं. आधी नावं, मग रस्ते, मग खाट धरली. दिवेलागणीची वेळ सगळ्यात वाईट. दिवसभर बरे असायचे, पण बाहेर अंधारून आलं की अंगावरचं पांघरूण फेकायचे आणि म्हणायचे, "घरी चला, उशीर झाला." हेच आपलं घर, असं मी कितीही सांगितलं तरी माझं खरं वाटत नसे. भाऊजींचं मात्र खरं वाटायचं. म्हणून भाऊजींनी स्वतःच्या आवाजात घोषणा भरून ठेवल्या, दर वाराची एक, आणि अशी सोय केली, की दिवेलागण झाली की टीव्ही आपसूक बोलायला लागेल. "नमस्कार दादा. मी अरुण बोलतोय. आज सोमवार. दिवे लागलेत, आणि तू आपल्या घरीच आहेस. वहिनी स्वयंपाकघरात आहेत. आता तुझा तबला ऐकू या." शनिवारच्या घोषणेत वर एक टोमणा, "आज खिचडी आहे, तक्रार करायची नाही." मग एखादी जुनी बैठक लागायची. ह्यांचा चेहरा हळूहळू शांत व्हायचा, आणि पांघरुणावर बोटं चालू व्हायची... ठेका बरोबर, एक मात्रा इकडची तिकडे नाही. गंमत म्हणजे भाऊजी कधी शेजारीच बसलेले असले, तरी हे टीव्हीला म्हणायचे, "बोल अरुण." भाऊजी माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे. "बघा, खऱ्यापेक्षा टीव्हीतल्याला मान जास्त."

भाऊजी गेले त्या दिवशी ते नवी डिस्क तयार करत होते. घोषणा आणि बैठका होत्या ती डिस्क जुनी झाली होती, कुरकुर करायची. सकाळी पोहे खाताना म्हणाले होते, "आज नवी फॉरमॅट करतो आणि सगळं तिच्यावर घेतो. ही म्हातारी कधी डोळे मिटेल, नेम नाही."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, ते दुःख म्हणून नाही सांगत, रीत म्हणून सांगते. वरची वीज कुणीतरी बंद केली होती. टीव्ही मुका. दिवेलागण झाली की हे विचारायचे, "अरुण बोलला नाही आज?" पहिल्या दिवशी मी सांगितलं, अहो, अरुणभाऊजी गेले. हे रडले. हमसून रडले, लहान भावासाठी रडावं तसे. रात्री जेवून झोपले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिवेलागण, पुन्हा तोच प्रश्न. सांगितलं, तर पुन्हा तितकेच रडले, कारण त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं होतं. असं रोज. दीर माझा एकदाच गेला, पण ह्यांचा भाऊ रोज संध्याकाळी जायचा, आणि ती बातमी रोज मीच द्यायची. खोटं बोलून पाहिलं, बाजारात गेलेत म्हटलं, तर हे खाटेवरून उतरायला लागले, त्याला शोधायला. शेवटी मला एकच उपाय दिसला. वरचा डबा पुन्हा सुरू व्हायला हवा. भाऊजी टीव्हीतून बोलले, की मला सांगावं लागणार नाही.

माझा मुलगा मंदार इंदूरहून दिवसांसाठी आलेला होता, तो थांबला. त्याला वर घेऊन गेले, आणि पाहते तो काय, जुनी आणि नवी, दोन्ही डिस्का सोडवून नीट टेबलावर ठेवलेल्या. एकसारख्या काळ्या, एकाच कंपनीच्या, लखलखीत. कुंकू कुठंच नाही. कुसुमवन्संला विचारलं, तर म्हणाली, "अगं वहिनी, सुतकात कुंकवाला हात लावू नये, आणि गेलेल्या माणसाच्या वस्तूवर ते तसंच कसं ठेवायचं? म्हणून मी ओल्या फडक्यानं सगळं पुसून घेतलं." तिचं काय चुकलं? कुणीही हेच केलं असतं. पण आता कुठली भरलेली आणि कुठली कोरी, ते सांगायला घरात कुणी उरलं नव्हतं.

मंदारनं एकेक डिस्क स्वतःच्या लॅपटॉपला लावली. दोन्हींना लॅपटॉप तेच म्हणाला, ही वापरायची तर आधी फॉरमॅट करा. "आई, दोनों खाली हैं," मंदार म्हणाला, "काकाची जुनी डिस्क करप्ट झालीय बहुतेक. मैं दोनों फॉरमॅट कर देता हूँ, नव्यानं सगळं बसवू." आणि त्याचं बोट निघालंसुद्धा.

"हात काढ," मी म्हटलं. इतक्या जोरात, की तो दचकला.

मला भाऊजींचं बोलणं आठवलं होतं. मीच एकदा विचारलं होतं, की ही डिस्क मंदारच्या लॅपटॉपवर का नाही लागत? तर म्हणाले, "वहिनी, आपल्या डब्याची लिहायची पद्धत वेगळी आहे. सरदारांच्या घरातली मोडीची कागदपत्रं आजच्या पोराला दाखवा. तो म्हणेल, ह्यात काही लिहिलेलंच नाही, नुसत्या रेघोट्या आहेत, पुसून टाका. म्हणून पुसा म्हटलं की पुसायचं नसतं. ज्याला वाचता येतं, त्याला आधी दाखवायचं." मी मंदारला म्हटलं, लॅपटॉप मिट. काकाच्याच डब्याला लाव, आणि एका वेळी एकच. पहिली लावली, डब्यानं ओळख दिली नाही. दुसरी लावली. ती आधी घुमली, मग कुरकुरली, पुन्हा थांबली... मी पदर तोंडाशी धरून उभी. आणि पडद्यावर नावं यायला लागली. जोशांकडली बैठक. मंदारची मुंज. दादा तबला. घोषणा सोमवार.

मंदार काकाची खुर्ची ओढून बसला.

मग नव्या डिस्कचं काम. ती पुन्हा मध्येच थांबली आणि तोच चौकोन आला, त्या दुपारी होता तोच. मंदार म्हणाला, डिस्कच खराब निघाली, दुकानात परत देऊ. मी म्हटलं, डिस्कला दोष शेवटी. तार बदलून बघितली, नाही. भोक बदललं, नाही. मग वीज. दोन्ही डिस्का एकाच जोडणीवर होत्या, आणि जुनी एवढी दमलेली, की ती घुमायला लागली की नवीला वीज पुरत नव्हती. नवीला वेगळी वीज दिली, आणि फॉरमॅट सरळ पुरं झालं. "आई, तुला हे कधीपासून येतं?" मंदारनं विचारलं. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. इतकी साधी गोष्ट होती. भाऊजींच्या तासाभरात लक्षात आली असती. तार झाली होती त्यांची बदलून, जुनी तार टेबलावरच पडलेली होती... पुढची पायरी तेवढी राहिली.

सगळं नव्या डिस्कवर आलं. सगळं म्हणजे, एक सोडून. जुन्या डिस्कच्या कुठल्याशा दुखऱ्या जागेवर बुधवारची घोषणा होती. ती काही केल्या उचलली गेली नाही. मंदारनं निरनिराळे उपाय केले, आणि शेवटी म्हातारीनं खरंच डोळे मिटले.

त्या दिवशी दिवेलागणीला टीव्ही बोलला. "नमस्कार दादा. मी अरुण बोलतोय." हे म्हणाले, "बोल अरुण." मी स्वयंपाकघरात होते, भाऊजी म्हणत होते तिथंच. नळ सोडला आणि सोडूनच ठेवला.

मंदार जाताना म्हणाला, "आई, बुधवारचं टेन्शन मत ले. आता काकाच्या आवाजात काहीही बनवता येतं. बाकीच्या घोषणा मशीनला ऐकवल्या, की ते हुबेहूब त्यांच्यासारखं 'आज बुधवार' म्हणेल." मी म्हटलं, बघू. नंतर फोन करून नको म्हणून सांगितलं. त्याला कारण नीट सांगता आलं नाही, इथं सांगते.

सहा दिवस ह्या घरात अरुणभाऊजी गेलेलेच नसतात. ते वर आहेत, बोलतात, खिचडीवरून टोमणे मारतात, आणि हे ठेका धरतात. मी वाती करते, पोळ्या लाटते. त्यांचं नाव काढून रडायला मला जागा नाही. आणि बुधवारी घोषणेशिवायच गाणं सुरू होतं. हे इकडेतिकडे बघतात. मी गॅस बंद करून खाटेशी जाऊन बसते. ते विचारतात, "अरुण बोलला नाही?" मी सांगते. ते माझा हात घट्ट धरतात, आणि आम्ही दोघं रडतो.