तीन बारवर अडलेला काटा

गॅरेजच्या मागच्या खोलीत काचेच्या चार नळ्या ओळीने उभ्या असत आणि त्यांच्यासमोर स्टुलावर ती. गॅरेज तिच्या नवऱ्याचं आणि धाकट्या दिराचं. इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारी बोटभर तोटी. ते इंजेक्टर साफ करायचे, मिनिटभर चालवायचे आणि प्रत्येकातून किती पडतं ते मोजायचं, हे तिचं काम. लग्नाआधी ती दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत होती. डोळा नळीच्या पातळीला आणल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, ही सवय तिथलीच. दीर तिला मापारीण म्हणायचा, आधी चेष्टेने. मग गिऱ्हाईकंही म्हणू लागली.

दातांचे एक डॉक्टर सुट्टीच्या दिवशी शर्यतीत गाडी पळवायचे. त्यांना टर्बो बसवून हवा होता. टर्बो इंजिनात हवा कोंबतो, मग पेट्रोलही त्याच मानाने वाढवावं लागतं. नवऱ्याचं म्हणणं पडलं, जुनेच इंजेक्टर ठेवू आणि प्रेशर वाढवू.

"प्रेशर दुप्पट केलं तरी पेट्रोल दुप्पट येत नाही," ती म्हणाली. "दीडपटसुद्धा नाही. शिवाय पंपाला दम लागेल."

तिच्या हिशेबाने मिनिटाला साडेपाचशे मिलिलिटरचे इंजेक्टर लागत होते, जुन्यांच्या दुपटीहून मोठे. नवऱ्याने कुरकुरत आणले. दिराने जुळणी केली, गाडी छान पळाली, डॉक्टर घेऊन गेले.

दोन दिवसांत परत आले. पेडल पूर्ण दाबलं की इंजिन आतून खडखडत होतं. पेट्रोल कमी पडत होतं.

"मापात घोळ झालाय हिच्या," नवरा डॉक्टरांसमोरच म्हणाला.

तिने चारही इंजेक्टर काढून पुन्हा मोजले. पाचशे अठ्ठेचाळीस, पाचशे एक्कावन्न, पुढचे दोन पाचशे पन्नास. ते परत बसवून तिने डॉक्टरांना विचारलं, "मला शेजारी बसवून एक चक्कर माराल?"

पेट्रोलचं प्रेशर दाखवणारा गेज तिने लांब नळीने बॉनेटबाहेर काढला आणि समोरच्या काचेवर बाहेरून चिकटवला. डॉक्टरांनी चढावर गाडी ताणली. गाडीतला टर्बोच्या प्रेशरचा काटा एक बारवर गेला. आत हवेचा रेटा जेवढा वाढतो, तेवढंच पेट्रोलचं प्रेशरही वाढायला हवं, नाहीतर हवा पेट्रोलला अडवते. म्हणजे काचेवरचा काटा तीनवरून चारवर जायला हवा होता. तो तीनवरच बसून राहिला.

"बास, थांबवा," ती म्हणाली.

पेट्रोलचं प्रेशर राखणाऱ्या रेग्युलेटरला टर्बोचा रेटा कळतो तो एका बारीक रबरी नळीतून. ती नळी खाली लोंबत होती आणि तिच्या तोंडात स्क्रू खुपसलेला होता. प्रेशर तपासताना असंच करतात. गाडी देण्याच्या सकाळी नवऱ्याने ते तपासलं होतं आणि नळी परत लावायची विसरला होता.

डॉक्टर रस्त्याच्या कडेला दवाखान्याशी फोनवर बोलत होते. स्क्रू काढून नळी बसवायला तिला दहा सेकंद पुरले असते आणि कुणाला पत्ता लागला नसता. तो विचार मनात आला होता, हे तिने पुढे नणंदेजवळ कबूल केलं. ती बॉनेटपाशी उभी राहिली.

फोन संपल्यावर तिने नळी दाखवली. "ही लावायची राहून गेली."

"कुणाकडून?"

"आमच्याकडून."

गॅरेजमध्ये आल्यावर तिने स्पार्क प्लग काढले. तिसऱ्यावर चंदेरी कण चिकटले होते. पिस्टन वितळायला लागला होता. नवऱ्याने प्लग उजेडात धरला, बराच वेळ फिरवून पाहिला.

"मीच विसरलो, डॉक्टर," तो म्हणाला. "इंजिन उघडतो."

डॉक्टर चिडले होते, पण गाडी तिथेच ठेवून गेले. नवा पिस्टन टाकावा लागला. नवरा चार दिवस घरात गप्प होता. तिने त्याची मनधरणी केली नाही, ताट मात्र रोज वेळेवर वाढलं. पाचव्या दिवशी तो मागच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"डॉक्टरांसमोर तसं बोलायला नको होतं मी."

"नको होतं," ती म्हणाली आणि मशीन चालू केलं.

तेव्हापासून टर्बोची कुठलीही गाडी तिच्या चकरेशिवाय गॅरेजबाहेर जात नाही. अर्धा दिवस मोडतो म्हणून दीर कटकट करतो. वळणांवर तिला मळमळतं. मग ती खिडकीची काच खाली करते आणि नजर गेजवरून काढत नाही.