शेवटचं पान काढलेली गोष्ट

सातवीच्या मुलांसाठी बारा गोष्टी निवडायचं काम मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे दिलं, तेव्हा मी खूश झाले होते. दर शनिवारी शेवटचे दोन तास अवांतर वाचनाचे ठरले होते. गोष्टींच्या झेरॉक्स काढायच्या, मुलांना वाटायच्या, त्यांच्याकडून वाचून घ्यायच्या आणि वर्षाच्या शेवटी सगळ्यांची एक फाइल करून पुढच्या वर्गांसाठी ठेवायची. मराठी शिकवायला लागून मला सोळा वर्षं झाली होती. आठवड्याभरात यादी देते, असं मी सांगून टाकलं.

दिवाळी तोंडावर आली तरी ती यादी पुरी झाली नव्हती.

सुरुवातीला मी त्याच गोष्टी काढल्या ज्या मला जवळजवळ पाठ होत्या. जेवणाच्या टेबलावर त्यांचा ढीग घातला आणि एकेक वाचायला घेतली. वाचताना समोर माझा वर्ग येत होता. आमची शाळा चिखलीत. वर्गात बीड-लातूरकडून आलेली मुलं आहेत, कोकणातली आहेत, आणि ‘आमी न्हाई आलो’ म्हणणारी इथल्या जुन्या गावातलीही आहेत. बहुतेकांचे आईवडील चाकणच्या कंपन्यांत, नाहीतर आसपासच्या वर्कशॉपमध्ये. त्यांच्या डोळ्यांनी वाचायला लागले तशा माझ्या लाडक्या गोष्टी एकेक करून हातातून सुटायला लागल्या. एक फार गोड होती. एक उपदेश करत होती. बऱ्याच गोष्टींत कुणाची तरी आई मरत होती. मी मोजलं, तर पहिल्या चौदांपैकी नऊ गोष्टींत आई किंवा आजी गेलेली. इतकी वर्षं शिकवताना हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

माझा नवरा चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. एके दिवशी त्याची दुसरी शिफ्ट होती. सकाळी अकराला जेवता जेवता त्यानं ढिगातल्या दोन-तीन गोष्टी चाळल्या आणि म्हणाला, “यात कुणी कामाला जातच नाही.”

मी विचारलं, म्हणजे काय. तो म्हणाला, सगळे घरीच असतात. आजारी तरी असतात, नाहीतर आठवणी काढत बसलेले असतात. कुणाला शिफ्ट नाही, कुणाच्या डोक्यावर साहेब नाही. एवढं बोलून त्यानं हात धुतले आणि कंपनीची बस पकडायला निघून गेला.

मला राग आला. साहित्यातलं याला काय कळतं, असंही मनात आलं. पण त्यानंतर कुठलीही गोष्ट हातात घेतली की मी आधी तेच शोधायला लागले, हा माणूस पोटासाठी काय करतो. मी स्वतः संत तुकाराम नगरात वाढले. वडील पिंपरीच्या कंपनीत होते आणि आमच्या घरातली जेवणाची वेळसुद्धा त्यांच्या शिफ्टवर ठरायची. तरी गोष्टी म्हणजे दुसरीकडे कुठेतरी घडणाऱ्या, अंगण असलेल्या घरांतल्या, हे मी लहानपणापासून बिनतक्रार धरून चालले होते. आता ते खुपायला लागलं. यादीत नाव लिहायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं, असं चाललं. शिक्षकांच्या खोलीत एका जागी बसवेना. आमचे चित्रकलेचे सर हसून म्हणाले की मॅडम मुलीचं लग्न ठरवायला निघाल्यासारख्या दिसतात.

शेवटी माहेराजवळच्या वाचनालयात जाऊन मी जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे उपसले. तिथं ती गोष्ट सापडली. लेखिकेचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं. गोष्ट साधी होती. बॅटरीचे सेल भरणाऱ्या कारखान्यात काम करणारी एक बाई नवऱ्याशी भांडण झाल्यावर आठ वर्षांच्या मुलीला घेऊन एसटी स्टँडवर येऊन बसते. दिवसभर बस येतात, जातात. ती कुठल्याच बसमध्ये चढत नाही. सगळं मुलीच्या नजरेतून लिहिलेलं. मुलगी पाट्या वाचते, बिस्किटं खाते, चौकशीच्या खिडकीतल्या माणसाशी ओळख करून घेते. संध्याकाळ होते आणि आई पिशवी उचलते. शेवटच्या पानावर ती घरी परत जाते. दार उघडंच असतं. ती चपला काढते आणि मोरीत पडलेली भांडी घासायला बसते. बरं झालं की वाईट, याबद्दल लेखिका अवाक्षर काढत नाही.

मी तिथंच उभ्यानं ती दोनदा वाचली.

वर्गात देताना मी एक गंमत केली. शेवटचं पान काढून ठेवलं आणि मुलांना सांगितलं की शेवट तुम्ही लिहायचा. दोन तास कुणी हूं की चूं केलं नाही. बऱ्याच जणांच्या गोष्टीत वडील मोटारसायकलवरून आले आणि सॉरी म्हणाले. एकानं त्या आईला थेट कलेक्टर केलं. तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची, अक्षर बारीक, बोलणं त्याहून कमी. आई ठेकेदारामार्फत चाकणच्या एका कंपनीत वायरी जोडायच्या कामावर, वडील वेल्डर, एवढंच मला तिच्याबद्दल माहीत होतं. तिनं एकच ओळ लिहिली होती: ‘पुढची बस आली तेव्हा मुलगी आधी चढली आणि तिनं आईला हात दिला.’

मी त्या ओळीवर बरोबरची खूण केली आणि लगेच वाटलं, इथं खूण करणारी मी कोण.

सोमवारी मुख्याध्यापिकांनी बोलावलं. त्यांनी गोष्ट वाचली होती. त्यांचं म्हणणं, लेखन चांगलं आहे, पण घरातली भांडणं वर्गात कशाला आणायची. कुणाच्या घरी काय चाललंय आपल्याला ठाऊक नसतं. उद्या एखादा पालक दारात आला तर उत्तर मला द्यावं लागेल. त्या चिडल्या नव्हत्या. मला त्यांचं पटलंही, आणि अजिबात पटलंही नाही. यादीतून काढते, म्हणाले. खोलीत येऊन मी नाव खोडलं, आणि दुपारपर्यंत बाजूला पुन्हा लिहून ठेवलं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत शिपाईमावशी सांगत आल्या की एका मुलीची आई भेटायला आलीय. व्हरांड्यात ती बाई कंपनीचा निळा कोट हातावर टाकून उभी होती. पहिली शिफ्ट बुडवून आले, म्हणाली. ती तिसऱ्या बाकावरच्या त्याच मुलीची आई होती. मुख्याध्यापिकांना काय सांगायचं, हे मी मनातल्या मनात जुळवायला लागले.

तिनं पिशवीतून झेरॉक्स काढली. घड्या पडून मऊ झालेली. लेकीनं रात्री वाचून दाखवली, पण शेवटचं पानच नाही, असं ती म्हणाली. लेक म्हणते शेवट आपण लिहायचा असतो. पण ज्यानं लिहिलंय त्यानं काहीतरी लिहिलंच असेल ना.

मग तिनं विचारलं, “ती बाई माघारी जाती का?”

खोटं सांगावं असं मला एक क्षण खरंच वाटलं. बसमध्ये बसते म्हणावं. नाहीतर माहीत नाही म्हणावं. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की मी म्हणाले, “हो. जाते.”

मैदानात मुलं ओरडत होती. तिनं कागद पुन्हा घडी करून पिशवीत ठेवला, कोट दुसऱ्या हातावर घेतला. मी पान आणून देऊ का विचारलं, तर नको म्हणाली. आणि फाटकातून बाहेर पडली.

पुढच्या सोमवारपासून मुलगी शाळेत आली नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. हजेरी घेताना तिच्या नावापाशी माझा आवाज बदलतोय हे मलाच ऐकू यायला लागलं. आईचा फोन बंद होता. आपण काय करून बसलो, हा विचार काही केल्या जाईना. आणि त्याच्याच बरोबर एक शरमेचा विचार होता, की एका झेरॉक्सनं कुणाचं घर हलतं असं समजणं हा केवढा माज. दोन्ही विचार आळीपाळीनं येत राहिले. भाजी जळली. नवऱ्यानं दोनदा विचारलं, मी दोनदा काही नाही म्हणाले.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. पत्र्याच्या वर्कशॉपांच्या मागं एका ओळीत दहा-बारा खोल्या. दार वडिलांनी उघडलं. बुटका, शांत माणूस, मनगटांवर ठिणग्यांचे डाग. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं खुर्ची पुढे केली आणि स्वतः दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. बायको मुलीला घेऊन गेलीय, मोशीला, कंपनीतल्या दोघीजणी राहतात त्यांच्याकडे, असं त्यानं सांगितलं. भांडण जुनंच आहे, म्हणाला. कशावरून ते बोलला नाही, आणि मीही विचारलं नाही.

मी उठायला लागले तेव्हा तो म्हणाला, “ती गोष्ट मीबी वाचली.”

मी थांबले.

“बाई दिवसभर स्टँडवर बसली. नवरा कुठं होता ते लिहिलंच न्हाई. कामाला गेला असंल. त्याला एक वाक्य पण न्हाई दिलं.”

गोष्ट मुलीच्या नजरेतून आहे, मुलगी स्टँडवर आहे, म्हणून तसं, हे मी वर्गात सहज सांगितलं असतं. त्या खोलीत ते तोंडातून निघेना. चूल थंड होती, दोरीवर एकट्या माणसाचे कपडे होते. तरी त्या बाईनं घर सोडून दुसरीकडे राहावं असं इथं काहीतरी घडलं होतं, हेही मला विसरता येत नव्हतं. तो एवढंच म्हणाला की भेटली तर सांगा, पोरीची शाळा बुडवू नको.

तीन आठवड्यांनी त्या दोघी शाळेत आल्या, दाखला न्यायला. मोशीतल्या शाळेत नाव घालायचं होतं. मी आईला तिच्या नवऱ्याचा निरोप दिला. बाई म्हणाली, तेवढं एक त्याला कळतं. मग माझा चेहरा बघून तिनं आपणहून सांगितलं, “तुमच्या कागदानं काही झालं नाही, मॅडम. माझं ठरलेलंच होतं. लिहिणाऱ्यानं काय ठरवलं ते फक्त बघायचं होतं.”

मला हायसं वाटायला हवं होतं. तेवढं वाटलं नाही.

ती कार्यालयात गेली. दाखल्यावर सही व्हायला वेळ लागणार होता, म्हणून मुलीला मी शिक्षकांच्या खोलीत बसवलं. ती माझ्या टेबलावरचे गठ्ठे बघत होती. तिनं विचारलं, ह्या शनिवारी कुठली गोष्ट आहे. मी म्हणाले, अजून ठरत नाहीये. आणि काय मनात आलं कोण जाणे, सगळा ढीग तिच्या पुढे सरकवला. “तू निवड,” म्हटलं.

तिनं बाक पुढे ओढला आणि कामाला लागली. मी महिनोन् महिने घोळ घातला होता, ती पहिले दोन परिच्छेद वाचायची आणि कागद डाव्या हाताला ठेवून द्यायची. एकीबद्दल म्हणाली, यात पहिल्यापासूनच रडू येणार हे कळतं. एकीबद्दल म्हणाली, हा मुलगा खूपच शहाणा आहे. मला फार आवडणारी एक गोष्ट तिनं अर्ध्या पानावर सोडली, कारण सांगितलं नाही. मी नुसती बघत राहिले. मग मी नापास केलेल्या गठ्ठ्यातून तिनं एक काढली. बँकेत शिपाई असलेल्या एका माणसाला उंचीची भीती असते आणि त्याला साहेबाच्या मांजराला झाडावरून उतरवायला पाठवतात, अशी. मी ती हलकीफुलकी म्हणून बाजूला टाकली होती. ती वाचत गेली. दुसऱ्या पानावर तिला हसू आलं, तिनं ते तळहातानं दाबलं, तिसऱ्या पानावर दाबता आलं नाही. ह्या मुलीला हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

“ही,” ती म्हणाली.

आईनं दारातून हाक मारली. मुलीची शेवटची दोन पानं राहिली होती, म्हणून मी मूळ प्रतच तिला देऊन टाकली. झेरॉक्ससाठी मला पुन्हा वाचनालयात जावं लागणार होतं.

यादी नाताळच्या आधी दिली. त्यात तो शिपाई होता. स्टँडवरच्या बाईसाठी मी मुख्याध्यापिकांशी तासभर बोलले, सगळं खरं सांगून. शेवटी त्या म्हणाल्या, सातवीला नको, आठवीला ठेवू, आणि वाचताना तुम्ही स्वतः वर्गात थांबायचं. मी कबूल केलं. जूनमध्ये तोच वर्ग आठवीत आला. ती गोष्ट मी पूर्ण दिली, शेवटच्या पानासकट. वाचून झाल्यावर वर्गाचे दोन तट पडले, बाई बरोबर आणि बाई चूक, आणि घंटा झाली तरी कुणी उठेना. मी फळ्यापाशी उभी होते. माझं मत त्यांनी तीनदा विचारलं. मी अजून दिलेलं नाही.