योझेची तहान

योझे मूळचा स्लोव्हेनियाचा. तिथल्या एका क्लबाकडून आपण अकरा वर्षे फुटबॉल खेळलो, असे तो सांगे. बायको मारिया लगेच दुरुस्ती करी, "खेळलास सत्तेचाळीस मिनिटे. बाकी अकरा वर्षे राखीव म्हणून बाकावर बसलास."

मॅनेजर व्हायचे, हे त्याने त्या बाकावरच ठरवले. पुढे मुलीपाठोपाठ दोघे न्यूझीलंडला आले. योझे वेलिंग्टनजवळच्या अप्पर हट गावात एका बेकरीत पाव भाजू लागला, आणि साठीला टेकल्यावर एकदाचा मॅनेजर झाला. संघ लीगमधला सगळ्यात खालचा. खेळाडू बहुतेक पुण्या-मुंबईचे, आठवडाभर वेलिंग्टनला संगणकापुढे बसणारे.

माणसे आज्ञाधारक होती. तरी चार सामन्यांत अकरा पिवळी कार्डे मिळाली, सगळी समोरच्याचा शर्ट ओढल्याबद्दल. क्लबच्या सेक्रेटरीबाईंनी बजावले, "आणखी एक कार्ड मिळालं, तर मॅनेजर दुसरा बघू."

योझे चक्रावला. असले काही त्याने जन्मात शिकवले नव्हते. काळजीने त्याच्या घशाला जास्तच कोरड पडू लागली.

शेवटच्या सामन्याला पाऊस आडवा येत होता. पूर्वार्धात त्याच्या संघातल्या देवव्रतने समोरच्या दोघांचे शर्ट ओढले, पण पंचांचा चष्मा भिजला होता म्हणून निभावले. मध्यंतराला एक-एक अशी बरोबरी होती. देवव्रतची आई मृणालिनीबाई, नुकत्याच सांगलीहून आलेल्या, घडीच्या खुर्चीतून म्हणाल्या, "देवा, हे गृहस्थ सारखे 'ओढा, ओढा' का ओरडतात रे?"

"म्हणून तर ओढतो, आई. आपल्यासाठी मराठी शिकलेत बिचारे."

बाईंनी उठून योझेलाच इंग्रजीत विचारले.

"मी तर मारियाकडे पाणी मागतो," योझे म्हणाला. "आमच्याकडे पाण्याला 'वोदा' म्हणतात."

"अहो, आमच्याकडे ओढा म्हणजे खेचा."

"ओढ्यातही पाणीच असतं म्हणा," संघाचा आघाडीचा खेळाडू प्रसन्न म्हणाला.

"तू आधी ऑफसाइडमधून बाहेर ये," देवव्रत म्हणाला. "सदानकदा त्यांच्या बचावफळीच्या पलीकडे उभा."

उत्तरार्धात मारियाने बाटली योझेच्या हातातच दिली. तो मुकाट्याने घोट घेत राहिला. पाच मिनिटे उरली आणि बाटली संपली. योझेने ओठ चावले, आवंढा गिळला, आणि अकरा वर्षांच्या बाकाची सगळी तहान एकदम वर आली.

"वोदा!"

देवव्रतच्या डोक्याला आता सगळे ठाऊक होते. हाताला नव्हते. हाताने जवळचा शर्ट पकडून मागे खेचला. तो निघाला प्रसन्नचा. नेहमीप्रमाणे दोन पावले पलीकडे उभा असलेला प्रसन्न अलीकडे येऊन चिखलात बसला. तेवढ्यात मागून चेंडू सुटला, त्याच्या गुडघ्यावर आपटला आणि जाळ्यात गेला.

पंच धावत आले. त्यांचा हात खिशाकडे गेला आणि थांबला. दोन्ही शर्ट एकाच रंगाचे होते. आपल्याच माणसाला ओढल्याबद्दल कार्ड द्यायचा नियम त्यांना काही आठवेना. मग त्यांनी गोल दिला.

कार्ड नाही, वर विजय. सेक्रेटरीबाई छत्री सावरत आल्या. "प्रसन्न पहिल्यांदाच ऑफसाइड नव्हता. ही युक्ती कुणाची?"

योझेने रिकाम्या बाटलीकडे पाहिले, मग मृणालिनीबाईंकडे. त्या शालीचा पदर नीट करण्यात गुंतल्या होत्या.

"जुनी आहे," योझे म्हणाला. "आमच्या स्लोव्हेनियाची."