तिसऱ्या गटातला माणूस

खात्यात त्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्याशी त्याचा संबंध अंघोळीपुरताही नव्हता. पण बिघडलेल्या टेलिफोनच्या तारेला हँडसेट जोडून त्याने डोळे मिटले, की दुखणं काय आहे ते त्याला कळायचं. जोडात पाणी शिरलं असेल तर तापल्या तव्यावर थेंब पडल्यासारखं चुरचुरतं, तार सैल असेल तर खरखरतं, विजेच्या तारेला खेटून गेली असेल तर एकसुरी गुणगुणते. यंत्र लावून हेच शोधायला इतरांचा अर्धा दिवस जायचा. तोवर याचं काम उरकून डबासुद्धा खाऊन झालेला असे.

सापडलेला दोष तो दादाला सांगायचा. दादा म्हणजे एक्स्चेंजमध्ये चाचणीच्या टेबलवर बसणारा माणूस. हा रस्त्यावरच्या खड्ड्यात, तो पंख्याखाली, आणि मध्ये एक तार. सकाळी नऊला दादा विचारायचा, "आज कुठे?" की दिवसभर दोघांचं सुरू. तारेवर तिसरं कोणी नसे, त्यामुळे आडपडदाही नसे. दादाच्या घरची भांडणं, कानसेनच्या बायकोचं आजारपण, मग तिचं जाणं, सगळं त्या तारेवरून बोलून झालं. समोरासमोर मात्र दोघांची गाडी "काय, बरं ना?" याच्या पुढे सरकत नसे. मग दोघंही घड्याळ बघत.

दोषांची वही टेबलवर असायची. ‘दोष कोणी शोधला’ या रकान्यात टेबलवरच्याचं नाव आणि ‘दुरुस्ती कोणी केली’ या रकान्यात खड्ड्यातल्याचं, असा रिवाज होता. यात दादाची लबाडी काही नव्हती, त्याच्या आधीचाही तसंच लिहायचा. कानसेनने तर वही कधी उघडून पाहिली नाही. निवृत्तीच्या वेळी त्या वहीच्या जोरावर दादाला अचूक दोषशोधाबद्दल मानपत्र मिळालं, तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या याच्याच होत्या.

दादाच्या निवृत्तीला आता दोन वर्षं झाली होती, तरी नऊला त्याचा फोन चुकत नसे. कानसेनच्या दिवसभरातला बोलण्यासारखा फोन तेवढाच. मुलगी लांब देशात, तिचा फोन रविवारी आणि तोही घाईचा. घरी दोन खोल्या, एका माणसाची भांडी आणि बायकोची खुर्ची. ती हलवून ठेवायची कुठे हे न सुचल्यामुळे जिथल्या तिथे राहिलेली. संध्याकाळी कुलूप उघडलं की ते घर त्याला खायला उठायचं. हे त्याने एका दादालाच सांगितलं होतं.

मग तांब्याच्या तारा काढून काचेच्या घालायचं ठरलं आणि त्याबरोबर माणसांचीही प्रतवारी निघाली. वर्गीकरणाच्या मॅडम उशीएवढं जाड पुस्तक घेऊन आल्या. त्यात जगातला प्रत्येक कामधंदा कुठल्या ना कुठल्या गटात बसवलेला होता. दोष शोधून त्याचं कारण सांगतो तो तंत्रज्ञ, गट तिसरा. सांगितल्याप्रमाणे तारा ओढतो आणि जोडतो तो कारागीर, गट सातवा. तिसऱ्यांनी नव्या नियंत्रण केंद्रात जायचं. सातव्यांनी पूर्ण पेन्शन घेऊन चार वर्षं आधीच घरी बसायचं. सातव्यांत गेलेले खूश होते, त्यांना घर होतं.  त्या दोन खोल्यांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायचं, या विचारानेच कानसेनला मात्र धडकी भरली.

मॅडमनी तीस वर्षांच्या वह्या चाळल्या होत्या. शोधणाऱ्याच्या रकान्यात याचं नाव एकदाही नव्हतं. बाई वाईट नव्हत्या. तुम्ही म्हणता ते खरंही असेल, पण टेबलवरच्या माणसाने तसं लिहून दिलं तरच मला धरता येईल, असं म्हणून त्यांनी आठ दिवसांची मुदत दिली.

एवढं मोठं मागणं फोनवर करू नये, इतकी रीत त्याला ठाऊक होती. तीच नडली. रविवारी तो धुतलेला शर्ट घालून दादाच्या घरी गेला. दादाचा मुलगा, सून आणि सुनेचे वडील चहाला बसले होते. व्याही पहिल्यांदाच राहायला आलेले, त्यामुळे चांगल्या कपबश्या बाहेर निघाल्या होत्या. भिंतीवर काचेच्या चौकटीत मानपत्र होतं आणि सून वडिलांना अभिमानाने सांगत होती, की बाबांना नुसत्या आवाजावरून बिघाड कळायचा, जोडात पाणी शिरलं तर तव्यावर थेंब पडल्यासारखं ऐकू येतं म्हणे. व्याही माना डोलावत होते. दादा कपात बघत होता.

कुठलाही शहाणा माणूस अशा वेळी बिस्कीट खाऊन निघाला असता, किंवा त्याने दादाला जरा गॅलरीत बोलावून घेतलं असतं. पण तीस वर्षं ज्या माणसाशी तारेवर दोघंच असताना बोललो, त्याच्याशी बोलताना खोलीत आणखी कोणी असू शकतं, हे कानसेनच्या डोक्यातच नव्हतं. हँडसेट कानाला लावताना मिटायचा तसे त्याने डोळे मिटले आणि बोलून टाकलं.

"दादा, ते सगळे दोष मी शोधले होते, असं मला लिहून दे. नाहीतर मला घरी बसवतील."

डोळे उघडले तेव्हा सून हातात किटली धरून तशीच उभी होती. मुलगा बापाकडे बघत होता. व्याह्यांनी बशी हळूच खाली ठेवली आणि ते खिडकीबाहेर पाहू लागले, जणू बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चाललं होतं. कानसेनला तेव्हा कळलं, आणि कानापर्यंत रक्त चढलं. पण तोंडातून गेलेलं परत कसं घ्यायचं?

दादाने कागद मागवला. टेबलवर लिहायचा त्याच सुबक अक्षरात त्याने चार ओळी लिहिल्या. दोष याने शोधले, नाव मी माझं लिहिलं, रिवाज तसा होता. खाली सही केली, तारीख घातली. मग उठून मानपत्र भिंतीवरून काढलं आणि कपाटामागे उभं करून ठेवलं. मुलगा म्हणाला, राहू द्या ना बाबा. दादाने ऐकलं नाही. कागद हातात देताना तो कानसेनला एवढंच म्हणाला, "नऊला बोललो तेव्हा विचारलं असतंस तर?"

कानसेन तिसऱ्या गटात गेला. मॅडमनी स्वतः हात मिळवून अभिनंदन केलं. नवं केंद्र थंडगार आणि चकचकीत होतं. बिघाड झाला की पडद्यावर लाल ठिपका उमटायचा, कारणही यंत्रच लिहायचं, आणि तंत्रज्ञाने ‘पाहिलं’ म्हणून बटण दाबायचं. शेजारच्या खुर्च्यांवरचे सगळे कानात काहीतरी घालून बसलेले. ऐकण्यासारखं तिथे काही नव्हतं, बोलण्यासारखं तर नव्हतंच. घर टाळायला तो इथे आला होता आणि इथेही तेच होतं.

नऊचा फोन त्या रविवारपासून बंद झाला होता. पंधरा दिवस वाट पाहून एका सकाळी त्याने स्वतःच लावला. सुनेने उचलला. दादा आहे का, असं त्याने विचारलं. तिने रिसीव्हरवर हात ठेवला, पण तो नीट बसला नसावा. आत दादा काय म्हणाला ते कानसेनला शब्दन् शब्द ऐकू आलं. असल्या कानांचा त्याला आयुष्यात पहिल्यांदाच राग आला.

"बाबा बाहेर गेलेत," सून म्हणाली.

"कधी येतील?"

"ते काही सांगून गेले नाहीत."

तो बरं म्हणाला. पलीकडे चपला ओढत कोणीतरी आतल्या खोलीत गेलं आणि दार लागलं. सुनेने फोन ठेवेपर्यंत त्याने ठेवला नाही.